कोपरा नसलेलं पत्र

शकूचा पाय गेला तो गणपतीत. तीन दिवस अंगात ताप होता. चौथ्या दिवशी उतरला म्हणून शुभदानं तिला अंथरुणातून उचलून फरशीवर उभं केलं, तर पोर ओल्या फडक्यासारखी जागच्या जागी खाली बसली. पुन्हा उभी केली, पुन्हा बसली. तिसऱ्या वेळी शकू हसली. तिला वाटलं, आई खेळतेय.

कल्याणच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि म्हणाले, "पोलिओ. जीव वाचला हेच मोठं समजा. पाय येईल तेवढा येईल." मुंबईच्या इस्पितळात आठवड्यातून एकदा बोलावलं. तिथं पन्नास पोरं रांगेत आणि पाय वाकवून द्यायला बाई एक. "घरी रोज करा हो," ती बाई म्हणायची. कसं करायचं ते नीट दाखवायला तिला वेळ कुठला? शुभदा घरी पाय वाकवायला बसली की शकू किंचाळायची, आणि शकू किंचाळली की शुभदाच्या हातातलं बळच जायचं.

तिचा स्वभाव मुळात धास्तीचा. ठाण्याच्या कोपरीतली मुलगी, तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. एखादं विधान खरं की खोटं, हे कागदावर मांडून दाखवण्यात कॉलेजात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण शकू झाल्यापासून ते सगळं ज्ञान एका कामाला लागलं होतं: अमुक झालं तर पुढे काय काय होईल? पाणी दोनदा उकळायचं. दूध आपल्यासमोर तापवायचं. झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचा. इतका पहारा ठेवूनही जे यायचं ते आलं, तेव्हापासून तर ती डोळ्यांची पापणी लवू देत नव्हती.

तिचा नवरा गोपीनाथ शहाडला कृत्रिम रेशमाच्या नव्या कारखान्यात केमिस्ट होता. नदीच्या बाजूला स्टाफसाठी बैठी घरं बांधली होती, दोन खोल्या आणि पुढे ओटा. वारा फिरला की कारखान्याचा कुजक्या मुळ्यासारखा वास घरभर यायचा. सासूबाई आवडाबाई साताऱ्याकडच्या, त्या उदबत्ती लावायच्या आणि म्हणायच्या, "रेशीम म्हणे! रेशमाला कधी असा वास असतो का गं?"

शेजारच्या घरात द्रागान राहायला आला तो यंत्रांबरोबर. यंत्रं युरोपातून आली, त्यांच्यासोबत पाच-सहा जोडारी आले आणि त्यांचं बोलणं इकडच्यांना समजावून द्यायला दुभाष्या म्हणून हा आला. सर्बियाचा, बेलग्रेड गावचा. बाकीचे यंत्रं उभी करून परत गेले. हा मात्र तोवर ती यंत्रं स्वतःच चालवायला शिकला होता, म्हणून कारखान्यानं त्याला ठेवून घेतलं. सव्वासहा फूट उंच. दारातून येताना वाकून यायचा आणि तरी महिन्यातून एकदा कपाळ आपटायचाच. 'द्रागान' हे नाव कामगारांच्या जिभेवर दोन दिवससुद्धा टिकलं नाही. तिसऱ्या दिवशी तो दगडूसाहेब झाला. कुणीतरी त्याला त्याचा अर्थ सांगितला तेव्हा तो म्हणाला, "आमच्याकडे द्रागान म्हणजे लाडका." त्यावर आवडाबाई लगेच म्हणाल्या, "मग बरोबरच आहे की. लाडक्यालाच दगडू म्हणतात. दृष्ट लागू नये म्हणून."

दृष्टीचं तर त्यांचं पहिल्याच भेटीत जुळलं होतं. ओट्यावर बसलेल्या शकूकडे बघून हा गृहस्थ तोंड वेडंवाकडं करत म्हणाला, "शी! काय घाण पोर!" आणि तीनदा थुंकल्यासारखं केलं. शुभदाचा चेहरा पांढरा पडला. लंगड्या पोरीला कुणी असं बोलतं? पण आवडाबाई हसायला लागल्या. "अगं, दृष्ट काढतोय तो तिची. त्यांच्यातही आपल्यासारखंच असतं बघ. माणूस कुठलाही असो, रीत एकच."

ते खरंच होतं. त्याच्या आजीनं त्याला शिकवलं होतं की लेकराचं तोंडभर कौतुक करायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. गुडघे मोडून शकूसमोर फरशीवर बसला, तिची पोटरी दोन बोटांनी चाचपली आणि म्हणाला, "वैनी, ह्या पायात जीव आहे. झोपलेला आहे. मी दवाखान्यात काम केलेला, लढाईनंतर. माणसांचे पाय. मी करू?"

मराठी तो कामगारांकडून शिकला होता, त्यामुळे त्याचं सगळं 'केलेला' आणि 'आलेला' असायचं.

शुभदानं गोपीनाथकडे पाहिलं. गोपीनाथ म्हणाला, "करू दे. आपण करतोय त्याहून वाईट काय होणार?"

तेव्हापासून रोज, पहिली पाळी सुटली की चार वाजता, द्रागान यायचा. गरम पाण्यात ब्लँकेटचे तुकडे पिळून शकूच्या पायाला गुंडाळायचा आणि मग त्याच्या सुपासारख्या हातांत तो काडीएवढा पाय घेऊन वाकवायचा, ताणायचा, फिरवायचा. शकू त्याच्यापुढे किंचाळायची नाही. तो आकडे मोजायचा आणि तीही त्याच्या भाषेत मोजायची, "येदान, द्वा, त्री." संस्कृतचं थोडं अंग असलेल्या शुभदाला त्यातलं 'द्वा' नि 'त्री' ऐकून मौज वाटायची. किती महिन्यांनी तिला कशाची मौज वाटली होती!

पाय वाकवता वाकवता तो गोष्टी सांगायचा. शकूला सांगतोय असं दाखवायचा, ऐकायचे सगळे.

"एक होता उंच माणूस. तो बॉल घेऊन पळायचा आणि वरच्या कडीत टाकायचा. त्याला लोक टाळी वाजवायचे. मग तो बोटीत बसून लांब गेला, दक्षिण अमेरिका, मोठी स्पर्धा. तिथं काय झालं, शकू?"

"हरला!" शकूला पाठ होतं.

"सगळ्या मॅच हरला! एक नाही जिंकली!" आणि तो असा हसायचा की भिंतीवरचं कॅलेंडर हलेल.

तिकडून आल्यावर गुडघा मोडला आणि खेळ संपला. मग मुलींच्या संघाला शिकवलं. मग दवाखाना. मग ट्रामवर कंडक्टर. मग रेडिओवर सामन्यांचं वर्णन, पण तिथं एकदा चिडून आपल्याच संघाला गाढवं म्हणाला, ती नोकरी गेली. मग दुभाष्या, मग इथं यंत्रावर. प्रत्येक नोकरीची टोपी वेगळी. बायको वेरा, तीही एके काळी बास्केटबॉलच खेळायची. एक दिवस तिनं सगळ्या टोप्या खाटेवर ओळीनं मांडल्या. म्हणाली, "मी एका माणसाशी लग्न केलेलं. आता सहावा आलाय. मला सांग, सातवा कधी येणार?" आणि मुलीला घेऊन आईकडे निघून गेली. मुलीचं नाव ल्यूबित्सा. आता आठ वर्षांची.

हे सांगताना तो हसला नाही. पाय मात्र वाकवत राहिला.

कारखान्याच्या मागे चिंचेच्या झाडाला त्यानं पिंपाची लोखंडी कडी ठोकली होती. जेवणाच्या सुट्टीत कामगार तिथं खेळायचे. त्यांच्यात धाकू म्हणून कल्याण खाडीकडचा आगरी गडी होता, हुतूतूचा पट्टीचा खेळाडू. त्यानं पहिल्याच दिवशी चेंडू घेऊन पळणाऱ्याची तंगडी धरली आणि त्याला मातीत लोळवलं. द्रागाननं शिट्टी फुंकली तर हा कमरेवर हात ठेवून उभा. "पाय धरू देनार नाय तं खेल कसला, सायब? आनि बॉल हातान घेऊन नुसता पलायचा बी नाय? मंग काय त्याची पूजा करू?" पुढे मात्र त्याच धाकूनं शकूसाठी बांबूच्या दोन दांड्यांची वाट करून दिली, ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, धरून उभं राहायला.

पौषात द्रागाननं वेराला एक लांबलचक पत्र लिहिलं. काय लिहिलं ते त्यानंच सांगितलं. "मी लिहिलेला, तू एक टोपी सांग, मी तीच घालतो, मरेपर्यंत. इकडे ये नाहीतर मला तिकडे बोलाव. एक शब्द पाठव." कारखान्याशी त्याचा करार एप्रिलअखेर संपत होता. मॅनेजर आणखी तीन वर्षांचा कागद पुढे करत होते. तो सही करत नव्हता. "वेराचं उत्तर आलं की ठरवतो," म्हणायचा. ये म्हणाली तर त्याच दिवशी निघणार होता.

हे ऐकलं त्या दिवसापासून शुभदाला दोन गोष्टींची धास्ती लागली. द्रागानला पत्र आलंच नाही तर? हे ती देवाजवळ मोठ्यानं बोलायची. आणि आलं तर? हे कुणाजवळच बोलायची नाही.

पत्र आलं चैत्रातल्या शुक्रवारी. घरात चैत्रगौर बसलेली, संध्याकाळी हळदीकुंकू, आवडाबाई आंब्याची डाळ वाटत होत्या. क्वार्टर्सचं टपाल कारखान्याच्या गेटवर उतरायचं. तिथून शिपाई उत्तम घरोघर वाटायचा. द्रागान कामावर असला की त्याचं टपाल शेजारी म्हणून यांच्याकडे द्यायचा.

उत्तमनं ओट्यावर पाकीट ठेवलं आणि गेला. आवडाबाई हात पुसत बाहेर आल्या, पाकिटाकडे बघितलं, आणि दोन पावलं मागे सरल्या.

"शुभदा, आत आणू नकोस ते."

पाकिटाचा उजवा वरचा कोपरा नव्हता.

आता हे कुणाला सांगायला नको होतं. गावाकडून कोपरा फाडलेलं कार्ड आलं की ते वाचायच्या आधीच घरातल्या बायका डोळ्यांना पदर लावतात. तसलं पत्र उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, वाचलं की फाडून टाकायचं आणि आंघोळ करायची. आवडाबाईंचे डोळे भरून आले. "कोण गेलं असेल गं? ती पोर तर नसेल? देवा, एवढ्याशा पोरीला..."

"आई, त्यांच्या देशात कोपरा फाडत असतील कशावरून?"

"अगं, दृष्ट काढतात ती आपल्यासारखी, तर हे नाही का करणार? मेलेल्याची रीत सगळीकडे सारखीच." मग त्या एकदम हळू आवाजात हिशेब करायला लागल्या. "बघ, आज त्याला कळलं तर त्याला सुतक. तो एकटा जीव, करणार काय? आणि आपल्याकडे गौर. त्याला दहा दिवस घरात घेता येणार नाही, पोरीला हात लावता येणार नाही. दहा दिवसांनी कळलं तर नुसती आंघोळ. गेलेलं माणूस काही दहा दिवसांत परत येत नाही. ठेव बाहेर वाशाला खोचून. गोपीनाथजवळ बोलू नकोस, त्याला ह्यातलं काही पटायचं नाही."

आवडाबाई आत गेल्या. शुभदानं पाकीट हातात घेतलं.

कोपरा फाडलेला नव्हता. कात्रीनं सरळ कापलेला होता, चौकोनी, बरोबर तिकिटाएवढा. अर्धा शिक्का पाकिटावर होता; उरलेला अर्धा गेलेल्या तिकिटाबरोबर गेला होता. गेटवरचे टपाल-कारकून पोपटराव परदेशी तिकिटं गोळा करतात, हे सगळ्या क्वार्टर्सना ठाऊक होतं. एरवी ते मालकाला विचारून पाकिटावर पाणी लावून तिकीट सोडवत. ह्या वेळी घाई झाली असेल. तर्कशास्त्रातल्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही सुटेल इतकं ते उदाहरण सोपं होतं.

शुभदानं ते सोडवलं. आणि मग ओट्यावर उभी राहून पाकीट पत्र्याखालच्या वाशात खोचलं.

त्याच दिवशी चार वाजता द्रागान आला, तेव्हा शकू दांड्या धरून सहा पावलं चालली. सातव्याला पडली, पण तिच्या उजव्या पायाची टाच पहिल्यांदा जमिनीला टेकली होती. द्रागाननं शुभदाकडे पाहून तोंड वाकडं केलं. "शी, काय घाण चालते!" आणि डोळे पुसले. वर, त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर, वाशात पाकीट होतं. जरा मान वर करता तर दिसलं असतं. शुभदानं त्याला पन्ह्याचा पेला दिला आणि बसायला पाट पुढे केला.

"काही पत्र, वैनी?" तो रोज विचारायचा तसं त्यानं विचारलं.

"नाही," शुभदा म्हणाली.

दहा दिवस. दहाच दिवस, ती स्वतःला सांगायची. आवडाबाईंच्या हिशेबानं वागायचं. वडीलधाऱ्या माणसांचं ऐकायचं. कॉलेजात असताना ज्या रीतींवर ती निबंध लिहून बक्षिसं मिळवायची, त्याच रीतीच्या पदराखाली ती आता जाऊन बसली होती, आणि तिथं ऊब होती. शकूच्या मांडीवर बोट ठेवलं की आतला स्नायू दोरीसारखा ओढला जाताना कळायचा. एवढा पाय तयार होऊ दे. मग देते.

दहाव्या दिवशी, सोमवारी दुपारी, आवडाबाईंनी बंबात पाणी तापत ठेवलं. "आज देऊन टाक गं. तो आला की मी त्याला आंघोळीला पाणी देते. बिचाऱ्याला कोण आहे इथं?"

शुभदाचे हात पाकिटापर्यंत गेले होते. तेवढ्यात ओट्याच्या दुसऱ्या टोकाहून शकूची हाक आली. पोर एका हातानं दांडी धरून उभी होती. एकाच हातानं!

"आई, अक्षय्यतृतीयेपर्यंत थांबू या का? गौर उठली की मग," शुभदा म्हणाली. "सणात नको."

आवडाबाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुझं तुला ठाऊक बाई," म्हणाल्या आणि बंब विझवला.

त्यानंतर आठवडा गेला. पुढच्या सोमवारी द्रागान चारऐवजी तीनलाच आला. पाळी सुटायच्या आधीच. दारात कपाळ आपटलं तरी त्याला कळलं नाही.

"वैनी, पोपटराव म्हणतो थँक्यू. तुमचं तिकीट झकास, माफ करा कापून घेतलं, अल्बमला लावलं. कोणतं तिकीट? म्हणतो, पत्रावरचं. कोणतं पत्र? म्हणतो, सतरा दिवस झाले."

गोपीनाथ त्या दिवशी घरीच होता. तो पुस्तकातून मान वर करून म्हणाला, "आपल्याकडे कुठं आलंय पत्र?"

आवडाबाईच बोलल्या. स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर येत, हात जोडून. "बाबा, माझं ऐकलं पोरीनं. तुझ्या पत्राचा कोपरा नव्हता. आमच्यात त्याचा अर्थ... तुझं कुणीतरी गेलंय, बाबा. आता वाच. मी पाणी तापवते." आणि पदरानं डोळे पुसत त्या खरोखरच बंबाकडे गेल्या.

शुभदानं ओट्याकडे बोट दाखवलं, तसं गोपीनाथनं वाशातून पाकीट काढून द्रागानच्या हातात दिलं. द्रागाननं उभ्याउभ्याच फोडलं. दोन पानं होती. पहिलं वाचलं, दुसरं वाचलं, पुन्हा पहिलं वाचलं. तिसरा, छोटा कागद खाली पडला. त्याच्यावर रंगीत पेन्सिलीनं एक बोट काढली होती आणि बोटीवर तीन माणसं, एक खूप उंच.

आवडाबाई गरम पाण्याची बादली घेऊन आल्या. "कोण रे, बाबा? कोण गेलं?"

"कोणी मेलं नाही, आई," द्रागान म्हणाला.

"वाचलं रे देवा!" आवडाबाईंनी बादली खाली ठेवली आणि दोन्ही हात कपाळाला लावले. "अरे, मग रडतोस का? सगळी आहेत ना? चांगलं झालं की!"

त्यानं खाली बसून त्यांना समजावून सांगितलं. कुठं मराठी, कुठं इंग्रजी, जे तोंडात येईल ते. वेराच्या भावानं ऑस्ट्रेलियातून तिला आणि मुलीला बोलावणं पाठवलं होतं. बोट अठरा एप्रिलला सुटणार. वेरानं लिहिलं होतं: मला टोपीबिपी काही नको. ल्यूबित्सा म्हणते बाबा हवेत. तू येणार असशील तर मी बोट सोडते आणि इथंच थांबते. पण पत्र नको, तुझी पत्रं फार लांब असतात. तार कर. सोळा तारखेपर्यंत तार आली नाही तर तुझं उत्तर मला कळलं असं समजेन, आणि पुन्हा शोधू नकोस.

आज बावीस तारीख होती.

शुभदानं मनात मोजलं. मोजायला नको होतं, पण सवय. पाच तारखेला पत्र आलं. दहा दिवसांनी पंधरा. सासूबाईंच्या सुतकाच्या हिशेबानं दिलं असतं, तरी एक दिवस हातात राहिला असता. कल्याण स्टेशनचं तार ऑफिस टांग्यानं वीस मिनिटांवर होतं. आवडाबाईंची रीत वेळेत पोचली असती.

गोपीनाथ शरमेनं काळवंडला होता. कोपऱ्याची सगळी रीत तो द्रागानला समजावत होता. "माफ कर, भाऊ. जुनी माणसं. त्यांना वाटलं, तुला वाईट बातमी... प्रेमानंच केलं रे."

"मला कळतं," द्रागान म्हणाला. त्यानं आवडाबाईंचे दोन्ही हात धरले. "आईची चूक नाही. माझी आजी पण असंच केली असती. बिचारी आजी." आणि मग शुभदाकडे वळून, तोच म्हणाला, "वैनी, रडू नका. तुम्हाला काय माहीत?"

इथं गप्प बसता आलं असतं. सगळं झाकलं गेलं असतं. आवडाबाईंच्या नावावर, गावाकडच्या रीतीवर, पोपटरावांच्या कात्रीवर. द्रागाननं तर आपल्या हातांनीच पांघरूण घातलं होतं.

"मला माहीत होतं," शुभदा म्हणाली. "फाडलेला नव्हता. कापलेला होता. पहिल्याच दिवशी मला कळलं होतं."

"मग?"

"तुम्ही गेला असतात."

शकू ओट्यावर दांडीला धरून उभी होती आणि चार वाजायची वाट बघत होती. द्रागाननं तिच्याकडे पाहिलं, मग शुभदाकडे, बराच वेळ. एखाद्या यंत्राचा नेमका कोणता भाग तुटला ते शोधत असावा तसं. मग रंगीत बोटीचा कागद उचलून खिशात घातला आणि निघून गेला. आवडाबाईंची बादली तिथंच निवत राहिली.

गोपीनाथनं तिथल्या तिथं विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दिलं असतंत."

गोपीनाथ चपला घालून द्रागानच्या मागे तार ऑफिसात गेला. तार गेली. चौथ्या दिवशी उत्तर आलं, वेराच्या आईचं, तीन शब्द: दोघी गेल्या. क्षमस्व.

पाच दिवस द्रागान आला नाही. गोपीनाथ शकूचा पाय घेऊन बसला, पण तिला ते हात नको होते. सहाव्या दिवशी चार वाजता द्रागान दारात उभा राहिला, आणि शुभदाच्या छातीत आनंदाची जी लाट आली तिची तिलाच शिसारी आली. तो फरशीवर बसला. ब्लँकेटचे तुकडे मागितले ते आवडाबाईंकडे. पाणी मागितलं ते आवडाबाईंकडे. त्यानं शकूशी गोष्टी केल्या, आकडे मोजले, तोंडं वाकडी केली. हसला नाही एवढंच. 'वैनी' हा शब्द मात्र त्याच्या तोंडातून परत आला नाही. एकदाही. तो रागानं बघता, चार शब्द बोलता, तर शुभदानं ते अंगावर झेललं असतं. तो तिच्याकडे अशा नजरेनं बघायचा जशी ती ओट्याचा खांब असावी.

एकदा तिनं धीर केला. त्याच्यासाठी चहा ठेवताना म्हणाली, "भाऊ, तुम्ही तार केली असतीत, तरी त्या थांबल्या असत्या असं कशावरून?"

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे मान वळवली. "खरं आहे," तो म्हणाला. "कदाचित नसती थांबली. आता मला कळणार नाही. कधीच." आणि शकूचा पाय पुन्हा हातात घेतला. "हा मात्र येणार. हा येणार."

मॅनेजरांच्या तीन वर्षांच्या कागदावर त्यानं सही केली नाही, नुसती महिन्याची मुदत वाढवून घेतली. मे महिन्याच्या शेवटी त्याला मुंबईच्या गोदीत एका मालवाहू बोटीवर इंजिनखान्यात काम मिळालं. बोट सिंगापूरला जाणार होती, तिथून पुढे दुसरी बघायची, मग आणखी एक, असं करत ऑस्ट्रेलिया. एवढ्या मोठ्या देशात एक बाई आणि एक मुलगी कशी शोधणार, असं गोपीनाथनं विचारलं. द्रागान म्हणाला, "बास्केटबॉल जिथं असेल तिथं जाईन. वेरा खेळ बघितल्याशिवाय राहत नाही."

निघायच्या दिवशी सकाळी टांगा आला. आवडाबाईंनी त्याच्या हातावर दही घातलं, शकूला त्याच्या पायांवर घातलं आणि म्हणाल्या, "जातो म्हणू नकोस, बाबा. येतो म्हण." तो म्हणाला, "येतो, आई." धाकू ट्रंक उचलायला आला होता, तो सारखा टांगेवाल्यावर ओरडत होता, "ए, घोडा नीट उबा कर ना रं! सायबाचं पाय मावतान का बग!"

द्रागाननं शकूला ओट्यावर उभं केलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोंड वाकडं करायला गेला, पण ते जमलं नाही. मग गोपीनाथला मिठी मारून, शुभदाकडे न बघता तिच्या शेजारून पुढे गेला आणि टांग्यात बसला.

घोडा चालू लागला तेव्हा शकूला कळलं की आज चार वाजले तरी काही होणार नाही. "दगडू!" तिनं हाक मारली. मग दांडी सोडली. ओट्याची एकच पायरी होती. ती बसून उतरली, उठली, आणि तांबड्या मातीतून टांग्याच्या मागे निघाली. उजवा पाय बाहेरच्या बाजूनं फेकत, हात पसरून, रडत, पण कुणाचा, कशाचा आधार न घेता.

गोपीनाथ पुढे धावणार होता, पण ती पडत नाही हे बघून थांबला. आवडाबाईंनी तोंडावर हात धरला. पोर पहिल्यांदा आपल्या पायांनी घराबाहेर पडली होती, आणि आईकडे पाठ करून चालली होती. शुभदानं तिला हाक मारली नाही. आपल्याला तो हक्क आहे की नाही, ते तिला त्या क्षणी ठरवता येईना. टांगा वळणावर दिसेनासा झाला तरी शकू चालतच होती.